अब्रह्मण्यम्! परत लाल कार्ड!

ऐकलंत का? लोकांनी म्हणे फुटबॉल बघणंच सोडलंय. म्हणजे टीव्ही चालू असतो, अंगात जर्सी असते, रात्री दीड वाजता घरातल्या म्हाताऱ्या माणसांची झोपमोड करून आरडाओरडाही चाललेला असतो. पण चेंडूकडे कोणाचंच लक्ष नसतं. गोल झाला? बरं, झाला असेल. सगळे डोळे लावून बसलेले असतात ते पंचाच्या हाताकडे. हात छातीवरच्या खिशाकडे चाललाय की मागच्या? एकदा का तो मागच्या खिशात शिरला आणि लाल चौकोन वर आला, की मग मॅच संपली तरी चालेल. पुढचे चार दिवस जेवणाखाण्याची ददात नाही.

आणि कोण माणसं ही! दिवसा बँकेत पासबुकं भरून देणारी, शाळेत भूगोल शिकवणारी, गॅरेजमध्ये क्लच प्लेट बदलणारी. अगदी पापभीरू. घराचा भाडेकरार न वाचता सही करतील. पण फुटबॉलचा बारावा नियम तोंडपाठ. टॅकल निष्काळजी असेल तर नुसती फ्री किक, बेदरकार असेल तर पिवळं, आणि गरजेपेक्षा जास्त जोर लावून समोरच्याचा पाय धोक्यात घातला तर लाल. या तीन पायऱ्यांवरून भावाभावांत अबोला धरलेला आहे. बुटाचे स्टड घोट्याच्या वर लागले की खाली, गुडघा वाकलेला होता की ताठ, चेंडू आधी लागला की नडगी, याचा पंचनामा इतका तपशीलवार चालतो की ऐकणाऱ्याला वाटावं, गल्लीत खून पडलाय.

कोल्हापूरकरांना यात नवीन काहीच वाटणार नाही. ते म्हणतील, आमच्याकडं हे आजोबांच्या काळापास्नं हाय. खरंच आहे. ज्या गावात तालमीच्या नावाने कुस्तीबरोबर फुटबॉलचे संघही उतरतात, तिथे पंचाने शिट्टी तोंडाला लावणं हेच मुळी धाडस. पाटाकडील तालीम, श्री शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा, फुलेवाडी ही नावं बाहेरच्याला मंडळांच्या वर्गणीच्या पावतीवरची वाटतील. पण शाहू स्टेडियममध्ये ती एकमेकांसमोर आली की पेठाच्या पेठा गॅलरीत येऊन बसतात. मग एकाच टॅकलचे दोन इतिहास लिहिले जातात. या टोकाला, “आरं, त्यानं बॉलच मारला की!” त्या टोकाला, “मारला न्हवं, पर पायासकट मारला!” पंच कार्ड काढून मोकळा होतो आणि खरी चौकशी तिथून सुरू होते. ह्यो कुठल्या पेठेतला? ह्याची सासुरवाडी कुठं? ह्याचा मेव्हणा कुठल्या तालमीत जातो? बिचाऱ्याची कुंडली गॅलरीत तयार होते, ती त्याच्या लग्नात झाली नसेल इतकी कसून. यातली गंमत बाजूला ठेवली तर हुल्लडबाजीच्या बातम्याही तिथून येतात आणि त्या काही कौतुकाच्या नाहीत. पण निदान कोल्हापूरकर लपवाछपवी करत नाही. माझ्या पेठेला दिलेलं कार्ड चुकीचं, समोरच्याला न दिलेलं त्याहून चुकीचं. विषय संपला.

पुण्या-मुंबईच्या मंडळींचं तसं नाही. त्यांना तत्त्वाच्या गोष्टी लागतात. त्यांच्या तोंडी ‘सातत्य’ हा शब्द असतो. “आमचं म्हणणं एवढंच आहे हो, निर्णयात सातत्य हवं.” हे वाक्य कानावर आलं की ओळखावं, यांच्या संघाचा माणूस नुकताच बाहेर गेलाय. आर्सेनलवाल्यांना विचारा. 2024 च्या ऑगस्टअखेरीस ब्रायटनविरुद्ध डेक्लन राईसने चेंडूला जरासा पाय लावून तो लांब सारला. दुसरं पिवळं, चालता हो. सप्टेंबरात मँचेस्टर सिटीविरुद्ध ट्रोसार्डने शिट्टीनंतर चेंडू भिरकावला, तोही बाहेर. ऑक्टोबरात बोर्नमथला सालिबा. जानेवारीत वुल्व्ह्जविरुद्ध अठरा वर्षांचा लुईस-स्केली थेट लाल, आणि ते कार्ड पुढे अपिलात रद्दच झालं. आता इतकं झाल्यावर कोणाच्याही मनात पाल चुकचुकणारच; पण या मंडळींच्या घरी पालींचं संमेलनच भरलं. अमुक पंच कुठे जन्मला, लहानपणी कुठल्या संघाचा स्कार्फ गळ्यात घालायचा, सगळं बाहेर काढलं. कोथरूडमध्ये बसून! चार घरं सोडून राहणाऱ्या माणसाचं आडनाव माहीत नाही, आणि इंग्लंडच्या पंचाचं बालपण मुखोद्गत.

पण परक्यांना कशाला नावं ठेवायची? आपल्या अंधेरीत काय झालं ते विसरलात? शिव शिव शिव! 20 डिसेंबर 2023, शहाजीराजे क्रीडासंकुल, इंडियन सुपर लीग, मुंबई सिटी विरुद्ध मोहन बागान. पंच राहुल कुमार गुप्ता. लोक अजून वडापावचा कागद चुरगळत होते तोच तेराव्या मिनिटाला मुंबईच्या आकाश मिश्राने मनवीर सिंगला पाडलं आणि लाल! थेट! तेराव्या मिनिटाला! कंपूतले अर्धे लोक पार्किंगमध्ये गाडीला जागा शोधत होते, त्यांना तर कळेना की आपला संघ दहाच जणांचा का दिसतोय. बागानच्या कमिंग्जने गोल मारला, मध्यंतराच्या तोंडावर ग्रेग स्टुअर्टने बरोबरी केली. एवढं फुटबॉल पुरे, असं बहुधा सगळ्यांनी ठरवलं. उत्तरार्धात बागानचा आशिष राय गेला, पाठोपाठ त्यांचाच, मूळ गोव्याचा लिस्टन कुलासो गेला. दहाविरुद्ध अकरा होते ते बघता बघता दहाविरुद्ध नऊ झाले. बिपिन सिंगने मुंबईचा दुसरा गोल केला. ज्याने पहिला गोल केला त्या स्टुअर्टलाही लाल मिळालं. विक्रम प्रताप सिंग गेला. आणि शेवटची शिट्टी झाल्यावर तरी माणसांनी घरी जावं की नाही? छे! धक्काबुक्की झाली, आणि मॅच संपल्यावरही कार्डं निघत राहिली. आपला मुंबईकर राहुल भेके आणि बागानचा हेक्टर युस्टे हेही यादीत जमा झाले.

एकूण सात. मुंबई चार, बागान तीन. मुंबई 2-1 ने जिंकली, हे मी सांगतेय म्हणून तुम्हाला कळलं. त्या मॅचचा स्कोअर आठवणारा माणूस मला अजून भेटायचाय. सात लाल मात्र शेंबडं पोरही सांगेल. नियम असा आहे की मैदानावर एका संघाचे सातपेक्षा कमी खेळाडू उरले तर खेळ पुढे चालू शकत नाही. म्हणजे त्या रात्री अजून थोडी जागा शिल्लक होती, हे बघणाऱ्यांचं नशीब.

त्या रात्रीनंतर जो गदारोळ झाला त्यात एक मागणी सगळ्यात जोरात होती: व्हार आणा. व्हार म्हणजे व्हिडिओ बघून मैदानावरच्या पंचाला कानात सांगणारा दुसरा पंच. भारतात ही मागणी त्याच वर्षी मार्चमध्ये एकदा होऊन गेली होती. बेंगळुरूला प्लेऑफच्या जादा वेळेत सुनील छेत्रीने केरळा ब्लास्टर्सची भिंत उभी राहायच्या आत फ्री किक मारून गोल केला, पंचाने तो दिला, आणि ब्लास्टर्सचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी अख्खा संघच मैदानाबाहेर नेला. चक्क रुसून! त्या रुसव्याचं बिल आलं क्लबला चार कोटी रुपये आणि प्रशिक्षकाला दहा सामन्यांची बंदी. आमच्याकडे लग्नात रुसलेल्या जावयाला निदान अंगठी तरी मिळते.

तर व्हार. ज्यांच्याकडे तो आहे त्यांचं काय चाललंय ते ऐका म्हणजे तुमचे कान तृप्त होतील. 30 सप्टेंबर 2023, टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल. लिव्हरपूलच्या कर्टिस जोन्सचा टॅकल. पंचाने पिवळं दिलं. व्हारने पडद्याजवळ बोलावलं. पडद्यावर काय, तर घोट्यावर बूट रुतलेलं एक स्थिर चित्र. अहो, स्थिर चित्रात माझा चहाचा कपसुद्धा कोणाच्या तरी डोक्यात घातल्यासारखा दिसेल! पिवळ्याचं लाल झालं. त्यानंतर लिव्हरपूलच्याच लुईस डियाझने चांगला गोल केला. मैदानावर ऑफसाईड दिला गेला. व्हारच्या खोलीत बसलेल्यांना वाटलं, मैदानावर गोल दिलाय. म्हणून ते म्हणाले, तपासणी झाली, निर्णय बरोबर. म्हणजे गोल बरोबर हे त्यांना म्हणायचं होतं आणि खाली गोल रद्द कायम झाला. चूक लक्षात येईपर्यंत खेळ पुन्हा सुरू झाला होता. मग करता काय? काहीच केलं नाही. लिव्हरपूलचा आणखी एक, जोटा, बाहेर गेला आणि 96 व्या मिनिटाला त्यांच्याच मातीपने स्वतःच्या जाळ्यात चेंडू घातला. नंतर त्या खोलीतल्या संभाषणाची ध्वनिफीत जाहीर झाली. लोकांनी ती किती वेळा ऐकली म्हणता! जुन्या नाट्यगीतांच्या तबकड्या इतक्या झिजल्या नसतील.

याहून खमंग हवंय? घ्या. ऑगस्ट 2022, चेल्सी विरुद्ध टॉटनहॅम. टॉटनहॅमच्या रोमेरोने चेल्सीच्या कुकुरेयाचे केस धरून ओढले. भर मैदानात, नळावरच्या भांडणासारखे! मॅच संपल्यावर हात मिळवताना दोन्ही प्रशिक्षक, टुखेल आणि कॉन्टे, एकमेकांवर असे धावून गेले की पंच अँथनी टेलरने दोघांनाही लाल दाखवलं. पण केस ओढणारा सुटला. व्हारच्या खुर्चीत होते माइक डीन. प्रीमियर लीगमध्ये शंभर लाल कार्डं दाखवणारा पहिला पंच. लाल रंगाची भीती असण्याचा प्रश्नच नाही. मग टेलरला पडदा बघायला का पाठवलं नाही? पुढच्या वर्षी, निवृत्तीनंतर, त्यांनी स्वतःच सांगून टाकलं: तो माझा मित्र, आधीच त्याच्या डोक्याला एवढा ताप झालेला, त्यात मला भर घालायची नव्हती. ऐकताय ना? जगातले झाडून सगळे चाहते वर्षानुवर्षं ओरडत होते की हे पंच एकमेकांना सांभाळून घेतात, आणि त्यांना वेड्यात काढलं जात होतं. एका माणसाने मैत्रीखातर बोललेल्या खऱ्या वाक्याने सगळ्या वेड्यांना शहाणं करून टाकलं. आता यांना आवरणार कोण?

इतकं होऊनही 2024 च्या जूनमध्ये वुल्व्ह्जने ठराव आणला की व्हार बंद करा, तेव्हा प्रीमियर लीगचे वीस क्लब बसले आणि 19 विरुद्ध 1 असं मत पडलं. शिव्या सगळ्यांच्या, सोडायला कोणी तयार नाही. माझं तर स्पष्ट मत आहे: व्हारने वाद मिटले असते तर या लोकांनी पहिल्याच वर्षी मोर्चा काढला असता.

पूर्वी बरं होतं म्हणावं, तर तेही खोटं. पूर्वी कार्डंच नव्हती. 1966 च्या विश्वचषकात वेम्ब्लीवर इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात जर्मन पंच क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार रातिनला बाहेर काढलं. कारण? तोंड फार चालवतो. रातिन बोलत होता स्पॅनिश, आणि पंचाला स्पॅनिशचा गंध नव्हता! रातिन म्हणे, दुभाषा आणा. कितीतरी मिनिटं जाईचना. शेवटी गेला तो राणीसाठी अंथरलेल्या लाल गालिच्यावर जाऊन बसला. या सगळ्या गोंधळात मिटवामिटवी करायला धावलेले इंग्लिश अधिकारी केन ॲस्टन नंतर लंडनमध्ये गाडी चालवत असताना सिग्नलला थांबले आणि त्यांना सुचलं की पिवळा-लाल रंग जगातल्या कोणत्याही भाषेत कळतो. 1970 च्या मेक्सिको विश्वचषकात कार्डं आली. गंमत म्हणजे त्या अख्ख्या स्पर्धेत एकही लाल निघालं नाही. पहिलं मिळालं 1974 मध्ये, चिलीच्या कार्लोस काझेलीला. चार वर्षं लाल कार्ड खिशात कोरं राहिलं! आजचे प्रेक्षक असते तर पैसे परत मागितले असते.

आणि एकदा तुम्ही संशयाची चव घेतलीत की बायरन मोरेनोपाशी यावंच लागतं. 2002 चा विश्वचषक, दक्षिण कोरिया विरुद्ध इटली. इक्वेडोरचा हा पंच. तोत्ती पेनल्टी क्षेत्रात पडला, आणि मोरेनोने ठरवलं की नाटक केलं; दुसरं पिवळं, बाहेर. इटलीचा गोल ऑफसाईड म्हणून रद्द. आन जुंग-ह्वानच्या गोल्डन गोलने इटली घरी. तो आन इटलीतल्याच पेरुजा क्लबकडून खेळायचा. क्लबमालकाने चिडून जाहीर केलं की याने परत आमच्या दारात पाऊल ठेवायचं नाही. इटालियन माणसाने आठ वर्षं या पंचाच्या नावाने बोटं मोडली. आणि 2010 मध्ये हाच मोरेनो न्यूयॉर्कच्या विमानतळावर पकडला गेला. कशासाठी? आतल्या कपड्यांत लपवलेलं काही किलो हेरॉइन! इटलीत त्या दिवशी काय वातावरण असेल, तुम्हीच कल्पना करा. आता त्या गुन्ह्याचा 2002 च्या शिट्टीशी संबंध आहे असं कुठेही सिद्ध झालेलं नाही. पण हे वाक्य एखाद्या इटालियनासमोर म्हणून बघा.

साध्या गफलतींना तर सुमारच नाही. 2006 मध्ये इंग्लंडच्या ग्रॅहम पोलने क्रोएशियाच्या शिमुनिचला तीन पिवळी कार्डं दाखवली, तिसऱ्यानंतर लाल. दुसऱ्या वेळी वहीत चुकून ऑस्ट्रेलियाच्या तीन नंबरचं नाव पडलं, म्हणून. 2014 मध्ये आर्सेनलच्या ऑक्सलेड-चेंबरलेनने चेंडू हाताने अडवला आणि बाहेर काढलं त्याच्याच संघातल्या गिब्जला. चेंबरलेन स्वतः सांगतोय, अहो, मी होतो तो, मी!

स्पेनमध्ये मात्र मामला चेष्टेच्या पलीकडे गेलाय. बार्सिलोनाने पंच समितीच्या उपाध्यक्षाला, नेग्रेरांना, 2001 पासून 2018 पर्यंत सत्तर लाखांहून अधिक युरो दिले हे उघड झालं. क्लब म्हणतो, सल्ल्याचे पैसे. कोर्टात प्रकरण गेलं. रियाल माद्रिदची स्वतःची वाहिनी तर सामन्याआधी त्या दिवशीच्या पंचाच्या जुन्या चुकांचा खास कार्यक्रम दाखवते. एप्रिल 2025 मध्ये कोपा देल रेच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी पंच दे बुर्गोस बेंगोएचिया पत्रकारांसमोर रडले. मुलगा शाळेतून रडत येतो, मुलं त्याला म्हणतात तुझा बाप चोर आहे, असं सांगताना. हे ऐकून माद्रिदने काय करावं? सरावाला आणि पत्रकार परिषदेला बुट्टी मारली. दुसऱ्या दिवशी बार्सिलोना 3-2 जिंकली, आणि शेवटी बाकावर बसलेल्या रुडिगरने पंचाच्या दिशेने बर्फ फेकला. सहा सामने बंदी. तुर्कस्तानात डिसेंबर 2023 मध्ये अंकारागुजूच्या अध्यक्षानेच मैदानात जाऊन पंच मेलेर यांना ठोसा मारला, ते खाली पडल्यावर लाथाही बसल्या आणि अख्खी लीग थांबवावी लागली. आता इथे चर्चेचा खमंगपणा जरा करपतो, हे मला मान्य आहे. पण त्याच तुर्कस्तानच्या महासंघाने ऑक्टोबर 2025 मध्ये जाहीर केलं की 571 पंचांपैकी 371 जणांची सट्ट्याची खाती निघाली. म्हणजे मार खाणाऱ्याबद्दल वाईट वाटून घ्यावं, तोवर त्याच्या धंदाबंधूंनी खाती उघडलेली!

सांगायचं काय, तर या लोकांना न्याय हवाय असं जे म्हणतात ना, त्यावर विश्वास ठेवू नका. 2010 च्या विश्वचषकात उरुग्वेच्या सुआरेझने घानाचा गोल होणारा चेंडू रेषेवर हाताने अडवला. पंचाने लाल दिलं, पेनल्टी दिली. नियमाने जे जे द्यायचं ते सगळं, तिथल्या तिथे, बिनचूक. ग्यानने पेनल्टी आडव्या खांबावर मारली, घाना हरली. त्यात पंचाची काडीचीही चूक नव्हती, तरी लोक अजून त्या कार्डावर भांडतात. चूक सापडत नाही म्हणून जास्तच जोरात. आणि हेच लोक रविवारी सकाळी गल्लीच्या मॅचला पंच व्हा म्हटलं की एकेकाचा गुडघा दुखायला लागतो.

राहिलं ते अंधेरीचं. आकाश मिश्राचं ते कार्ड. इतके जण विचारतात म्हणून सांगते: माझ्या मते लालच होतं. तेराव्या मिनिटाला निघालं म्हणून मुंबईकरांना जड गेलं. तोच टॅकल नव्वदाव्या मिनिटाला बागानच्या खेळाडूने केला असता तर आपण उभं राहून टाळ्या पिटल्या असत्या. नियमात मिनिट लिहिलेलं नाही. पटत नसेल तर या भांडायला, चहा माझ्याकडून. क्लिप जरूर आणा. फक्त स्लो मोशनमधली नको, आणि मुंबई सिटीची जर्सी घालून येऊ नका.